केरेकेरेत गेलेल्या गोळ्या

४ एप्रिल २०१७. एकवीस डॉलर चाळीस सेंट. बोटीच्या पेट्रोलचे एवढे पैसे पदरचे घालून सालासेइनी सिस्टरने वुनिसेयाच्या मोठ्या दवाखान्यातून इनोसीच्या फिटच्या गोळ्या आणल्या. आधीचं पाकीट महिनाभर पुरायला हवं होतं, ते पंधरवड्यातच संपलं होतं.

फिजीतल्या कंदावू बेटाच्या या टोकाला दवाखाना म्हणजे सालासेइनी. ती याच गावची सून. बाळंतपणापासून गळवापर्यंत सगळं तिच्याच गळ्यात, त्यामुळे आवाज कायम चढलेला.

इनोसी शाळेची बोट चालवायचा. भर समुद्रात, मुलं बसलेली असताना त्याला फिट आली आणि गावच्या वडीलधाऱ्यांनी बोट काढून घेतली. तीन महिने फिट आली नाही तरच परत मिळणार होती. त्याला दुसरं काही येतही नव्हतं.

"उरलेल्या गोळ्या कुठं गेल्या रे? तूच गिळल्या असत्यास तर आत्ता इथं आडवा पडला असतास!"

"केरेकेरे झालं, सिस्टर. तानिएला मागायला आला होता."

नातलगाने केरेकेरे म्हणून मागितलं की नाही म्हणायचं नाही, हा रिवाज. मासा, छत्री, पातेलं; आणि आता फिटची गोळी! इनोसीचा हा मामेभाऊ तानिएला दारातच दात काढत उभा होता.

"झोप येत नव्हती हो. याच्या गोळीनं मस्त घोरलो. डोकं मात्र याच्यासारखं बिघडलं नाही."

"असलं तर बिघडेल ना!" इनोसी म्हणाला.

"गप्प बसा दोघं! इनोसी, ती गावची गळकी टाकी बघ. भरलेली असली की धार लागते, पाणी उतरलं की थेंब थेंब. हे औषधही तसंच. चार दिवसांत निम्मं जातं, उरलेल्याचं निम्मं पुढच्या चार दिवसांत. रोज एकच बादली ओतलीस, तर तीनेक आठवड्यांत जेवढं ओततोस तेवढंच गळतं आणि पाणी एका खुणेवर ठरतं. तिथं ठरलं तर फिट थांबेल. तू काय करतोस? आठ दिवस बादली याला देतोस, मग घाबरून चार बादल्या एकदम!"

"मग रोज दोन घेतो. लवकर भरेल."

सिस्टरने कपाळावर हात मारला. "दोन घे नाहीतर दहा, ठरायला तेवढेच आठवडे लागणार! पाणी मात्र दुप्पट वर चढेल आणि तू सुकाणूवर घोरशील. याला नाही म्हणायला शीक."

"मामेभावाला? कसं म्हणू?"

सिस्टरने हात पसरला. "इनोसी, मी केरेकेरे करते. हे पाकीट मला दे."

गावची सून म्हणजे नातलगच; तिने मागितलं, द्यावंच लागलं. तानिएलानेही मागायला तोंड उघडलं.

"तुला इंजेक्शन मिळेल," सिस्टर म्हणाली.

रोज संध्याकाळी प्रार्थनेनंतर इनोसी यायचा आणि तिच्यासमोर एक गोळी घ्यायचा. दुसऱ्या आठवड्यात पुन्हा फिट आली. "काही उपयोग नाही, वाढवा," म्हणून तो रडकुंडीला आला. "टाकी भरू दे रे बाबा!" ती ओरडली, आणि एकच गोळी दिली. महिना उलटला, पाणी खुणेवर ठरलं. पुढचे तीन महिने एकही फिट आली नाही.

वडीलधाऱ्यांनी बोट परत दिली. पहिल्याच फेरीला मुलांच्या आधी तानिएला चढून बसला, वुनिसेयाला उतरला आणि हात हलवत निघून गेला. भाड्याचे दोन डॉलर त्याच्याकडून अजून यायचे आहेत.