चावी काढल्यावरही चालणारं इंजिन

लष्कराच्या गाड्या-यंत्रं दुरुस्त करणाऱ्या ईएमईमध्ये माझी शेवटची पोस्टिंग उत्तरेकडच्या डोंगरात, एका चौकीवर होती. ट्रेड व्हेईकल मेकॅनिक, रँक हवालदार. पेन्शनवर आल्यानंतर भिवंडीजवळ दापोड्यात एका ट्रान्सपोर्टच्या यार्डात देखभालीचं काम धरलं. गाड्या तपासायच्या, संशय आला तर थांबवायच्या. ड्युटी तीच, फक्त वर्दी नाही.

गेल्या उन्हाळ्यात सलीम नावाच्या ड्रायव्हरने जुना टर्बो ट्रक गोदामाला लावला. गाडी ओढत नव्हती, ऑइल पीत होती. पिस्टनच्या रिंगा झिजल्या की जळलेला गॅस खाली तेलाच्या चेंबरमध्ये उतरतो आणि तेलाचे कण घेऊन ब्रीदरच्या नळीतून बाहेर पडतो. या गाडीत ती नळी टर्बोच्या हवेच्या पाइपला जोडलेली होती. इंजिन स्वतःचंच तेल ओढत होतं. एअर फिल्टर तेलाने चिंब झालेला. तो मी काढून ठेवला.

"स्टार्ट करू नको," मी सलीमला बजावलं.

मी पान्हा आणायला गेलो. तेवढ्यात गोदामाचे सुपरवायझर भोईर त्याला म्हणाले, "मागं दुसरी गाडी खोळंबली हाय. जरा पुढं घे."

सलीमने स्टार्टर मारला. इंजिनचा आवाज चढत गेला आणि चढतच राहिला. निळा धूर गोदामात शिरला.

"चाचा, चाबी निकाली है! बंद नहीं हो रहा."

डिझेल तुटलं होतं, पण इंजिन तेलावर चाललं होतं. असं इंजिन हवा कोंडली तरच थांबतं, नाहीतर शेवटी फुटतं. आत हमाल होते.

"भोईर, माणसं मागच्या दाराने काढा."

"आन् तुमी?"

"काढा."

सलीम हवेच्या पाइपवर तळवा ठेवायला धावला. मी त्याला कॉलर धरून मागे ओढलं. पॅकिंगच्या पेटीची प्लायवूडची फळी सापडली. ती पाइपच्या तोंडावर दाबून धरली. इंजिनाने ती ओढून घेतली, सगळी गाडी हादरली, आणि आवाज बंद झाला.

माझी बोटं फळीवरून सुटेनात. सलीमने एकेक करून सोडवली.

"डर नहीं लगा?" त्याने विचारलं.

"अजून लागतोय," मी म्हणालो. मग त्याला नाईक बळीराम पाटीलबद्दल सांगितलं.

बळीराम इथलाच, भिवंडीच्या खाडीकाठचा. चौकीवरचा जनरेटर असाच सुटला होता. बंकरला एकच दार. बळीराम आत होता, हातात फळी.

"उस्ताद, पोरांना भायेर घ्या. दार लावा."

मी सगळ्यांना बाहेर काढलं, दार लावलं. स्फोट झाला. दाराबाहेर कोणाला ओरखडाही आला नाही.

थोड्या वेळाने वायरलेस सेटवर विचारणा झाली. "कॅज्युअल्टी? ओव्हर."

"एक. ओव्हर."

"कंडिशन? ओव्हर."

बळीराम गेल्याचं उत्तर मीच दिलं. त्याचं नाव, नंबर, रँक सांगितला. गाव कुणी विचारलं नाही, तरी तेही सांगितलं.