पोपटाचा उष्टा पेरू

कॉलेजच्या प्रात्यक्षिकासाठी मी स्पीच थेरपी केंद्रात जाते. पाच वर्षांच्या स्वमग्न गौरीचा तक्ता भरत होते. शब्द: शून्य. पुढे बोलण्याची शक्यता: किती?

तिच्या आईने पिशवीतून पोपटाचा उष्टा पेरू काढला. "हा खाल्ला की पोर बोलतं म्हणतात. ताई, तुम्ही शिकलेल्या. बोलेल ना ही?"

मी वैतागले, पेरूवर की तक्त्यावर, सांगता येत नाही. आमच्या घरात कॉलेज पाहिलेली मी पहिलीच. माझ्या आईनेही पेरूच आणला असता.

तेवढ्यात गौरीने माझं बोट धरून पेरूवर टेकवलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"कापून मागतेय," आई म्हणाली.

एवढं स्पष्ट मागणं, आणि तक्त्यात शून्य! शक्यतेचा रकाना कोरा ठेवून मी सुरी आणायला उठले.