डावीकडचं वल्हं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, सुनीतालाही नाही. या श्रावणात आमच्या होडीतून सुजयला उतरवलं, ते त्याचा हात कमी पडत होता म्हणून नव्हे. कमी पडत होता तो माझा हात. आणि ही गोष्ट त्या होडीत बसलेल्यांपैकी दोघांनाच ठाऊक होती: मला आणि त्याला, माझ्या मुलाला.

खांद्याला चोळलेल्या मलमाचा थंड, कापरासारखा वास खोलीभर पसरला आहे, आणि त्याच्या आडून दुसराच एक वास वर येतो आहे, भिजलेल्या लाकडाचा, गाळाचा, काठावरच्या उसाच्या ओल्या पाल्याचा. सातारच्या या खिडकीतून पावसाने धुतलेला अजिंक्यतारा दिसतो, नदी दिसत नाही. पण माहुलीच्या संगमावरून पुढे सरकलेली कृष्णा सांगलीजवळ आमच्या गावाला पोहोचेस्तोवर केवढी रुंद, तांबूस आणि गंभीर होते, हे मी डोळे मिटून सांगू शकतो. तिच्या पाठीवर वल्हं मारण्याचा छंद मला विशीत लागला आणि पन्नाशीतही सुटलेला नाही. इतरांच्या दृष्टीने तो सुटायला हवा होता. शरीर तर रोजच सुचवत असतं. गुडघा जिन्यावर कुरकुरतो, कंबर सकाळी उठू देण्याआधी आढेवेढे घेते, आणि उजवा खांदा गेल्या वर्षापासून असा काही रुसला आहे की शर्टाची बाही चढवतानाही त्याची मनधरणी करावी लागते. डॉक्टरांनी वल्हं बंद करायला सांगितलं. मी मान डोलावली आणि पुढच्याच शनिवारी कॉलेजातले तास संपवून गावाची वाट धरली.

घरी सांगितलं, उसाकडे बघून येतो. सुनीता लोणंदकडची, कोरड्या माळावर वाढलेली. नदीचं वेड तिला कधी कळलं नाही, पण नवरा मात्र पुरता कळला. "ऊस बघायला जाताना टॉवेल आणि हाफ चड्डी कशाला लागते हो?" तिने पिशवीत डोकावून विचारलं होतं. "आता वल्हं ठेवा आणि काठी धरायची सवय करा." मी हसून बाहेर पडलो. उत्तर होतं, पण ते तिला सांगण्याजोगं नव्हतं. वर्गात मी समजावतो, घरी मी पुरवतो, दोन्हीकडे मी कुणाचा तरी आधार असतो. होडीत मात्र मला कुणी काही विचारत नाही. तिथे फक्त पाणी असतं, पुढे झुकायचं आणि मागे ओढायचं, आणि उतरत्या उन्हात वल्ह्याच्या टोकावरून निथळणारे थेंब क्षणभर सोन्याचे होऊन पुन्हा गढूळ होतात.

यंदा सुजयही आला. बारावी झालेली, पुण्याला प्रवेश मिळालेला, आणि कॉलेज सुरू होईपर्यंतचे दिवस हातात मोकळे. लहानपणी घाटाच्या पायरीवर बसून माझ्या होडीकडे बघणारा मुलगा आता माझ्याहून उंच झाला होता, आणि त्याला त्याच होडीत बसायचं होतं. आमची होडी चार वल्ह्यांची. दोन फळ्या, प्रत्येक फळीवर दोघे, एक डावीकडे वल्हं मारणारा, एक उजवीकडे. मागे सुकाणूवर इकबाल, माझा शाळेपासूनचा सोबती. डावी बाजू माझी. ती इतकी वर्षं माझी होती की त्या लाकडावर माझ्या मांडीची खूण उमटली असावी असं मला वाटे. सुजय माझ्याच फळीवर उजवीकडे बसला. पहिल्या दिवशी आमची वल्ही एकाच क्षणी पाण्यात उतरली.

होडीचा न्याय सरळ असतो. एका बाजूचा जोर कमी पडला की नाक त्या बाजूला वळतं. आमच्या होडीचं नाक डावीकडे वळायला हवं होतं, कारण डावीकडे वल्हं मारताना उजवा हात मुठीवर उंच जातो, आणि नेमका तिथेच माझा खांदा असहकार पुकारत होता. पण होडी वळत नव्हती. सरळ चालली होती, फक्त मंद. का, ते मी हळूहळू पाहिलं. सुजयच्या वल्ह्याचं पातं पाण्यात अर्धंच बुडत होतं. ज्या दिवशी माझा खांदा बरा असे, त्या दिवशी ते पूर्ण बुडे. मुलगा माझ्या दुखण्याच्या मापाने आपली ताकद कापत होता, काही न बोलता, माझ्याकडे न पाहता.

मागे बसलेल्या इकबालला पातं दिसत होतं, माप दिसत नव्हतं. श्रावणातल्या होड्यांच्या शर्यतीला आठवडा उरला असताना घाटावर होडी लावताना तो म्हणाला, "काय रं गड्या सुजय, पुण्याला जायच्या आधीच दमलास व्हय? पाण्याला नुसतं गोंजारतोयस."

कुणीतरी मागून म्हणालं, "मास्तरचं पोरगं हाय. पुस्तक उघडावं तसं वल्हं उघडतंय."

सगळे हसले. सुजयही हसला. इकबालने माझ्याकडे वळून आवाज खाली केला. "राग धरू नगंस. तुझ्या पोराऐवजी प्रशांतला घेतो. तुला पटतंय न्हवं?"

तेव्हा बोलायचं होतं. एका वाक्याचं काम होतं. पण ते वाक्य उच्चारलं असतं तर काठावर मी बसलो असतो, आणि मला काठावर बसायचं नव्हतं. मी म्हणालो, "तुला योग्य वाटेल तसं कर." सुजय ओल्या पायाने पायऱ्या चढून गेला. त्याच्या पाठीवर गढूळ पाण्याचे ओघळ होते.

शर्यतीच्या दिवशी ढग पांगले होते आणि दोन्ही काठ माणसांनी भरले होते. सुजयच्या जागी बसलेला प्रशांत गावातलाच, दमदार गडी, त्याने पहिल्या हाकेपासून जीव ओतला. आणि व्हायचं तेच झालं. सावरणारा कुणी नसल्यामुळे होडी डावीकडे, माझ्या बाजूला, झुकत राहिली. इकबाल सुकाणूवर दात-ओठ खात होता, मागून ओरडत होता, आणि वळणापाशी आम्ही काठालगतच्या जलपर्णीत असे घुसलो की वल्ही हिरव्या देठांत गुंतून बसली. बाकीच्या होड्या निघून गेल्या. "लय जोर लावतोयस रं, जरा बघून मार की!" इकबाल प्रशांतवर खेकसला. प्रशांत गोंधळून आपल्या हातांकडे पाहत राहिला. मी देठं सोडवत खाली वाकलो होतो. दुसऱ्यांदा गप्प. घाटावर उभा असलेला सुजय मात्र माझ्याकडेच बघत होता, आणि मला मान वर करता आली नाही.

परतताना गाडी त्यानेच चालवली; माझा उजवा हात स्टिअरिंगवर टिकत नव्हता. कऱ्हाड मागे पडलं, हमरस्त्याच्या दोन्ही अंगांना उसाची शेतं संध्याकाळच्या उजेडात काळपट होत गेली. तो म्हणाला, "पप्पा, तुम्ही उजवीकडे बसला असता तर खांदा एवढा वर न्यावा लागला नसता."

"ती बाजू माझी नाही रे."

"माझी होती की. मागितली असती तर दिली असती."

यात तक्रारीचा स्वर असता तर मला बरं वाटलं असतं. तो नव्हता. पुढच्या आठवड्यात तो पुण्याला गेला. बॅगेत त्याने माझा एक जुना टॉवेल नेला, ज्याला कितीही धुतलं तरी नदीचा वास येतो.

मला अपराधी वाटतं. पण कशाबद्दल, हे आता नीट निवडून घेतलं आहे. माझ्या वयाच्या माणसांना सगळ्याच गोष्टींबद्दल एकदम अपराधी वाटावं अशी जणू व्यवस्थाच आहे: छंदाला दिलेल्या वेळाबद्दल, दुखण्याबद्दल, दुखणं असूनही न थांबल्याबद्दल, मुलं मोठी होत असताना आपणही थोडं जगून घेतल्याबद्दल. मी हे सगळं ओझं उचलणार नाही. वल्हं मारलं याची मला तिळमात्र लाज नाही, आणि पुढेही मारणार आहे. सुनीतालाही आता उसाचं निमित्त सांगत नाही. परवा तिने काही न बोलता पिशवीत मलमाची ट्यूब टाकली. फिजिओथेरपीवाली मुलगी रबरी पट्टा ओढायला लावते, तो मी रोज दात आवळून ओढतो. शनिवारी अजूनही जातो. फक्त आता उजवीकडे बसतो. तिथे मी अगदी नवशिका आहे. पातं तिरपं पडतं, पाणी इकबालच्या तोंडावर उडतं आणि तो मला शिव्या घालतो. पन्नाशीत एखाद्या गोष्टीत पुन्हा कच्चं होण्यात किती ताजेपणा असतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. वर्षानुवर्षं जिला मी माझी बाजू म्हणत आलो, ती केवळ सवय होती. शरीराने ती मोडली, आणि नदीने काही हरकत घेतली नाही.

लाज आहे ती त्या दोन गप्प क्षणांची. इकबाल अजूनही म्हणतो, "तुझं पोरगं हुशार हाय, पण पाण्याचं न्हाई." मी अजूनही ऐकून घेतो. हे लिहून मोकळं होता येईल असं सुरुवात करताना वाटलं होतं. पण कागद म्हणजे घाट नव्हे, आणि वाचणाऱ्यांनी सुजयला हसून घेतलेलं नाही.

दिवाळीला तो घरी येईल तेव्हा त्याला घेऊन गावी जायचं आहे. नदी तेव्हा निवळलेली असेल. घाटावर, इकबालच्या, प्रशांतच्या आणि त्या दिवशी हसलेल्या सगळ्यांच्या समोर, सुजय शेजारी उभा असताना, मला म्हणायचं आहे की तो हात माझा होता. त्यानंतर ते मला होडीत घेवोत किंवा न घेवोत. एवढं एक वाक्य मी माझ्या मुलाचं देणं लागतो, आणि ते अजून दिलेलं नाही.