जावयाचा सिमेंटचा दिवा आणि पाळण्याची कडी

भुताखेतांच्या गोष्टी सुरू झाल्या की मला झोप येते, एवढाच माझा आणि त्यांचा संबंध. त्यामुळे हे लिहिताना जरा लाजच वाटते आहे...

आमचं घर ढाणकीत, बाजाराजवळ, स्लॅबचं. मुलगी पल्लवी पहिल्या बाळंतपणाला आली, तेव्हा सोडायला आलेल्या जावयांनी भेट आणली – स्वतः साच्यात ओतलेली काँक्रीटची लॅम्पशेड. ते नागपुरात आर्किटेक्ट. ना रंग, ना नक्षी. करडा ठोकळा आणि चहूबाजूंनी बारक्या चौकोनी खिडक्या. "ब्रुटलिस्ट स्टाइल आहे, बाबा." मी समजल्यासारखी मान हलवली.

"मले तं पाण्याच्या टाकीवानी दिसते," सौ. स्वयंपाकघरात पुटपुटली.

पण जावयाची भेट, लावावी तर लागणारच! आणि एवढं वजन पेलणारी जागा घरात एकच – बैठकीतली पाळण्याची कडी. जावई आणि मी, दोघांनी मिळून कशीबशी टांगली. माझी कंबर त्यानंतर बरेच दिवस बोलत होती.

"कडी पाळण्याची हाय, काहो."

"पाळणा येईल तवा काढू ना!"

एका दुपारी लाइट गेली होती, पंखा बंद. मी पेपर वाचत होतो, म्हणजे पेपरखाली घोरत होतो. पल्लवीनं हाक मारली. लॅम्पशेड हलत होती... सावकाश, लयीत, कोणी दोरी ओढावी तशी.

सौ.चा चेहरा उतरला. "रिकामा पाळणा हालवून राह्यलं कोणी..." आमच्याकडे रिकामा पाळणा हलवत नाहीत, बाळाला बाधतं म्हणतात. मी हसून शेड धरायला गेलो, तर हाताला वजनच लागेना. जणू कागदाचा आकाशकंदील.

"पाहा, तब्येत सुधरली माही," मी म्हणालो. कोणी हसलं नाही.

नात झाली, सुखरूप. बारशाच्या सकाळी मी शेड एकट्यानं, एका हातानं उतरवून कोपऱ्यात ठेवली आणि कडीला पाळणा टांगला. नाव ठेवून झालं. जावई पाहुण्यांना स्टँडवर सोडायला गेले. पल्लवीनं दोरी ओढली.

पाळणा हलेना.

"बाबा, अडकला का कुठं?"

कुठंच अडकला नव्हता. मी दोन्ही हातांनी ढकलला – भिंत ढकलावी तसं झालं. वर कडी करकरली. स्लॅबचा चुरा पोरीच्या दुपट्यावर पडला.

"पाहता काय? उचला तिले!" सौ. ओरडली.

मी वाकून हात घातले. पोर उचलवेना. एवढंसं लेकरू, गाढ झोपलेलं... माझ्यानं उचलवेना!

सौ.नं कोपऱ्यातली शेड रिकाम्या टोपलीसारखी उचलली आणि अंगणात भिरकावली. बाहेर धप्पकन आवाज झाला, सिमेंटच्या पोत्यासारखा. त्याच क्षणी नात वर आली – इतकी हलकी, की तिला छातीशी धरून मी मागच्या मागे बसलोच.

दवाखान्यात तिचं वजन केलं. बरोबर भरलं. अंगणातली शेड मात्र जावयांना एकट्याला हलवेना. शेवटी आम्ही दोघांनी लोटत गोठ्यात नेली. "काँक्रीट आहे बाबा, त्याचं वजन कसं बदलेल?" ते विचारत होते.

कडी तशीच आहे, रिकामी. नात साडीच्या झोळीत वाढली. आता उचलून घे म्हणून माझ्यापुढे हात वर करते. मी आधी पाय रोवतो, दम घेतो, मग वाकतो. ती पटकन वर येते आणि सगळे हसतात – आबा उगाच जोर लावतात म्हणून.

सौ. तेवढी हसत नाही.