मावशींचा वाढलेला बीपी

मंगळवारी दुपारी फीमेल वॉर्डात मी इतकी खूश होते की विचारू नका. आज ते आठवलं की तोंड लपवावंसं वाटतं... तरी लिहितेय.

मी एम.एस्सी. नर्सिंगला आहे, इथंच संभाजीनगरला. रिसर्चचा विषय साधा आहे. बीपी लो झालेल्या पेशंटला झोपवायचं कसं, सरळ की पाय वर करून? फरक पडतो तो किती, आणि टिकतो किती वेळ?

गाईड मॅडमनी माझा आराखडा एकदा परत पाठवला होता. "कागदावर छान आहे, वॉर्डात जमतंय का ते बघ," म्हणाल्या. शुक्रवारी तो कमिटीसमोर मांडायचा होता, आणि तिथं नाकारला गेला असता तर सगळं पहिल्यापासून.

त्या दिवशी खिडकीजवळच्या कॉटवर फुलंब्रीकडच्या एक मावशी होत्या. जुलाब-उलट्यांनी पार गळून गेलेल्या, हाताला सलाईन. डॉक्टरांनी त्यांचे पाय वर करून ठेवायला सांगितलंच होतं. म्हणजे आंधळा मागतो एक डोळा... तसं झालं माझं.

"मावशी, पाय वर करू ना? बीपीवर काय फरक पडतो ते मला बघायचंय."

"करा बाई," त्या म्हणाल्या. सिस्टरला नाही कोण म्हणतं?

पण कॉटचं पायाकडचं हँडल जाम. खाली लावायच्या विटा दुसऱ्या कॉटला गेलेल्या, उशी एकच. मावशींची मुलगी औषधं आणायला खाली गेली होती. तेवढ्यात हातात शहाळं घेऊन एक उंच माणूस आला, बिडकीनहून, कंपनीची शिफ्ट संपवून. मावशींचा जावई.

त्याला बघताच मावशींनी सलाईनच्या हातानं पदर डोक्यावर ओढला. मी ते बघितलं... आणि हात हलवू नका म्हणून त्यांनाच दटावलं.

"दादा, जरा यांचे पाय धरा. असे वर. मला बीपी घ्यायचाय."

"मी?" तो घुटमळला.

"हो हो, तुम्हीच. धरा पटकन."

त्यानं मान खिडकीकडे वळवली आणि पाय उचलून धरले. साडी घसरत पार गुडघ्यापर्यंत आली. मावशींनी डोळे गच्च मिटून घेतले. मी मशीनकडे बघत होते.

आकडा वाढला. चांगला दणदणीत वाढला! "बघा मावशी, कसा पळाला वर!" मी ओरडलेच. आजूबाजूच्या कॉटवरच्या बाया वळून बघायला लागल्या.

स्क्रीनचा फोटो मॅडमना पाठवला आणि संध्याकाळी थेट क्रांती चौक गाठला, आराखड्याच्या प्रिंट काढायला. बाइंडिंग चालू असतानाच मॅडमचा मेसेज आला. "बीपी ठीक आहे. पण पल्स एवढा का वाढला? पाय वर केल्याचा फायदा झाला असेल तर पल्स उतरायला हवा. पेशंट घाबरली होती का?"

पल्स मी बघितलाच नव्हता. स्क्रीनवर होता की समोर... पण हवा तो आकडा मिळाल्यावर बाकीच्याकडे कोण बघतं?

बुधवारी सकाळी गेले तर मावशी भिंतीकडे तोंड करून पडलेल्या. शहाळं उशाशी तसंच. काय झालं म्हणून विचारलं. मग पदराआडून आवाज आला.

"लेकीच्या लग्नात त्यायचे पाय म्या ह्या हातानं धुतले बाई. डोक्यावरचा पदर कधी त्यायच्यासमोर ढळू दिला नाय. आन काल माझे उघडे पाय त्यायच्या हातात... सगळ्या बायांदेखत. त्ये बी मान खाली घालून गेले, चहा बी घेतला नाय."

पुढं म्हणाल्या, "जाऊ द्या. तुमाला शिकायचं आसतंय."

मेले मी तिथंच. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

ताईच्या लग्नात आईनं दाजींचे पाय धुतले, तेव्हा तांब्या धरून मीच शेजारी उभी होते. मला हे माहीत नव्हतं असं कुठल्या तोंडानं म्हणू? आराखड्यात सगळं होतं. पाय किती वर, पट्टा कुठल्या हाताला, मधे विश्रांती किती. पण ते पाय कुणाचेच नव्हते... नुसते पाय होते.

माफी मागितली. त्या "हं" म्हणाल्या, पण माझ्याकडे बघितलं नाही.

दुपारी त्यांना पुन्हा चक्कर आली, बीपी परत खाली. जावई दारापर्यंत आला होता, त्याला बाहेरच थांबवलं. पडद्याची फ्रेम ओढून आणली, साडी पायांखाली नीट खोचली, वरून चादर घातली.

"मावशी, पाय कुणी धरायचे?"

तेव्हा कुठं त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तुमीच धरा."

धरले. आकडा हळूहळू चढला. वाढ मंगळवारच्या निम्मीही नव्हती, पण पल्स उतरत होता.

"हात भरून आले ना बाई तुमचे," मावशी म्हणाल्या. "ठिवा आता खाली. आन त्यायला बोलवा आत, शहाळं फोडून द्या म्हनावं."

शुक्रवारी कमिटीला बुधवारचेच आकडे सांगितले. "फरक फारच थोडा दिसतोय," एक सर म्हणाले. मी म्हटलं, "हो सर, थोडाच आहे." विषय मंजूर झाला, भरपूर दुरुस्त्या सांगून. मावशीही शनिवारी घरी गेल्या.

मंगळवारचा तो फोटो अजून फोनमध्ये आहे. डिलीट करणार नाही. मावशींना माझ्यामुळं किती लाज वाटली, ते त्यात अगदी बरोबर मोजलं गेलंय...