मेणाने धरलेलं कडं

हरमलला किनाऱ्यालगत चहा घेत बसलो होतो. ओहोटीचं पाणी खूप आत गेलं होतं, ओल्या वाळूवर आभाळ उतरल्यासारखं वाटत होतं... तेवढ्यात सुमनताईच्या मुलीचा, मेघनाचा फोन आला. "मामा, आई गेली. सकाळी उठलीच नाही." मी बहुतेक 'येतो' म्हणालो. कपातला चहा तसाच राहिला. या गोष्टीला आता काही आठवडे झाले.

सुमनताई माझी मावसबहीण, इब्रामपूरची. बंगळूरला विमानाच्या कारखान्यात नोकरी करून परतली आणि डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीत तिने स्वतःचं वर्कशॉप काढलं. मी तिचा भागीदार. मोजमाप आणि तपासणी माझ्याकडे. गोवा नुकतंच राज्य झालं होतं, भाषेचा वाद घराघरांत धुमसत होता. तिचे वडील मराठीचे मास्तर, नवरा कोकणीच्या मोर्च्यात चाललेला. दोघं जेवायला बसले की ताई मध्ये पाट घ्यायची. "म्हाका दोनूय जाय," मला दोन्ही हव्यात, एवढंच म्हणून दोघांच्या भातावर हुमण, माशाचं कालवण, वाढायची. मग दोघंही भात कालवायला लागायचे.

आजूबाजूची वर्कशॉपं खाणीवरच्या यंत्रांचे सुटे भाग करायची. ताईने मात्र टायटॅनियम घेतलं. विमानाच्या इंजिनात बसणारी, पातळ भिंतीची कडी करायची होती. हा धातू हलका, दिसायला शांत, पण कापायला हट्टी. त्यातून उष्णता पुढे सरकत नाही. सगळी हत्याराच्या टोकाशी साठते आणि धार बघता बघता जळते. त्यात भिंत एवढी पातळ की हत्यार टेकलं की दबायची, सुटलं की परत यायची, आणि सबंध कडं थरथरत गायला लागायचं. अंगावर बारीक लाटा उमटायच्या. एकामागून एक कडी बाद झाली. शेवटी धातूचा एकच तुकडा उरला, आणि काम देणाऱ्यांनी कळवलं, जमत नसेल तर तो परत पाठवा.

लेथवर कोल्हापूरकडचा महादेव होता. तो म्हणाला, "बाई, देऊन टाकूया परत. खाणीचं काम हाय की आपल्याकडं."

ताई जनेलाजवळ कदेल ओढून बसली. खिडकीबाहेर ट्रकांमागे तांबडी धूळ तरंगत होती. "बंगळूरला मला हे काम देतच नव्हते, महादेव," ती हळू म्हणाली. "म्हणून तर मी इथं आले."

त्याच आठवड्यात आम्ही म्हापशाच्या चर्चच्या फेस्ताला गेलो. तिथं नवसाचे मेणाचे हात-पाय विकायला असतात. सगळ्या धर्मांची माणसं घेतात. ताईने एक हात उचलला, उन्हात धरला आणि गर्दीत तशीच उभी राहिली. "दत्ता," ती म्हणाली, "हें कड्याच्या भितर भरलें जाल्यार?"

आधी कड्याची आतली बाजू कापायची, मग पोकळीत मेण ओतून ते थंड करायचं, आणि त्याच्या आधाराने बाहेरची भिंत पातळ करत न्यायची, असं ठरलं. बाद कड्यावर करून पाहिलं तर उष्णतेने मेणच वितळलं. ताई खचली नाही. वेग कमी केला, थंडाव्याचं पाणी थेट हत्याराच्या टोकावर सोडलं, आणि धार बोथट व्हायच्या आधीच हत्यार बदलायचं ठरवलं. दुसऱ्या बाद कड्यावर थरथर थांबली.

मग शेवटचा तुकडा चढवला. महादेव यंत्रावर, ताई शेजारी. चंदेरी कीस वळत वळत खाली पडत होता. बाहेर दुपार होती, पण मला आठवतो तो पाण्याखालचा असावा तसा उजेड... काम संपल्यावर मेण काढून मी कडं मोजलं, पुन्हा मोजलं. "बरोबर आहे, ताई."

ती बाहेर जाऊन आंब्याखाली बसली. मी गेलो तेव्हा रडत होती. "काय झालं?" विचारलं तर म्हणाली, "कांय ना. बाबांक सांगपाक जाय."

त्यानंतर वर्षानुवर्षं ती कडी आमच्याकडून गेली. पुढे थकल्यावर तिने वर्कशॉप सोडलं आणि ती इब्रामपूरला राहायला गेली.

बाराव्याला जेवण झाल्यावर मेघनाने मला ताईच्या खोलीत आडवं व्हायला सांगितलं. डोळे मिटले आणि काहीतरी कमी असल्यासारखं वाटलं. वर पाहिलं, तर जुना पंखा भरधाव फिरत होता आणि त्याचा जराही आवाज येत नव्हता. "एका पात्यावर तिनं धातूचा तुकडा चिकटवलाय," मेघना म्हणाली. "पंखा डुलतो म्हणून रोज कुरकुरायची, शेवटी असा तोल साधला. बंद करू?"

"नको," मी म्हणालो. "असू दे."

वारा येत राहिला. मला कधी झोप लागली, कळलं नाही.