डाव्या हाताचा मास्तर

पहिली काठी मास्तरच्या कपाळावर बसली आणि तो खाली पडला. बौद्ध झाल्यावर आम्ही गावातली मेलेली जनावरं ओढणं सोडलं होतं. त्याचा राग धरून गावातली माणसं काठ्या घेऊन ढाणकीजवळच्या आमच्या वस्तीत शिरली होती.

हा मास्तर शाळेतला नव्हे, काठी शिकवणारा. आखाड्यात आमच्या लोकांना घेत नसत. लहानपणी तो भिंतीवरून उस्तादाकडे बघून शिकला. समोरून बघितल्यामुळे सगळं उलटं झालं आणि काठी डाव्या हातात आली. पुढे वस्तीने त्यालाच शिकवायला लावलं, तेव्हा आम्हीही तसेच शिकलो. बायकांनाही त्याने शिकवल्याशिवाय सोडलं नाही.

"मास्तर, मले डावा हात जमत नाही," मी म्हणायची.

"जमत नाही त जमव. तोंड बरं चालते तुयं! पाय हलव, बाई."

तो पडला तेव्हा मला वाटलं, संपलं. पण खालूनच तो ओरडला, "मले काय पाहून राह्यले? उभे राहा!"

आम्ही ओळीने उभे राहिलो. मीही होते. समोरच्यांना उजव्या हाताच्या वाराची सवय. आमचे वार भलत्याच बाजूने आले, तसे ते पळाले. त्यांच्यामागे धावणाऱ्या आमच्या माणसांना मास्तरने शिव्या देऊन परत बोलावलं.

दुसऱ्या दिवशी कपाळाला फडकं बांधून तो शिकवायला हजर होता.

मास्तर वाचला, आम्ही वाचलो, आणि मारायला आलेलेही सगळे जिवंत घरी गेले.